दडलेल्या टूलबारांचा इतिहास

1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट निर्माण केले, तेव्हा टूलबार नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती आणि तिच्या अभावाची खंत वाटावी असे कारणही नव्हते. कारण तिरप्या रेघेची कळ दाबताच पडद्याच्या माथ्यावर मोजकी अक्षरे उमटत, त्यातील प्रत्येक अक्षराच्या पोटी एकेक आज्ञा असे, आणि बी म्हणजे सेल कोरा करणे, आर म्हणजे सूत्राची नक्कल इतरत्र उतरवणे, एवढा जाबता ज्याने मुखोद्गत केला त्याला सारे दफ्तर खुले होई. दडवून ठेवावे इतके त्या कार्यक्रमाजवळ काही नव्हतेच. वस्तू दडण्यासाठी आधी तिचा सुकाळ व्हावा लागतो, आणि स्प्रेडशीटच्या बाबतीत तो सुकाळ पुढच्या दशकात अवतरला.

1983 च्या जानेवारीत बाजारात आलेल्या लोटस वन-टू-थ्रीने एकाक्षरी आज्ञांच्या जागी पुरते शब्द आणले आणि निवडलेल्या शब्दाखालच्या ओळीत त्याचा खुलासा, किंवा त्याच्या पोटातील पुढचे शब्द, दाखवण्याची तजवीज केली. पुढे या आज्ञांची संख्या 469 वर गेली आणि त्या पन्नासांहून अधिक मेनूंत विखुरल्या. तरीही सरावलेल्या कारकुनाची बोटे शब्दांची वाट न पाहता आद्याक्षरांवरून धावत. ही बोटांची सवय कोणाच्या मालकीची, असा एक विलक्षण कज्जा मग अमेरिकेच्या न्यायालयांत उभा राहिला. बोरलँड कंपनीने आपल्या क्वात्रो प्रोमध्ये लोटसची मेनूरचना जशीच्या तशी उतरवली होती, हेतू हा की लोटसवर मुरलेल्या माणसाला सारे नव्याने शिकावे लागू नये. 1995 मध्ये अपील न्यायालयाने असा निवाडा दिला की मेनूंची ती उतरंड ही यंत्र चालवण्याची पद्धत आहे, व्हिडिओ रेकॉर्डरवरील बटनांसारखी, आणि तिच्यावर लेखनाधिकार सांगता येत नाही. 1996 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयातील मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडल्याने तोच निवाडा कायम राहिला. गंमत अशी की, तोवर ज्या राज्याच्या सीमेवरून हे भांडण चालले होते ते राज्यच एक्सेलच्या अमलाखाली जात होते.

एक्सेलचा जन्म 1985 चा, मॅकिंटॉशवरचा. विंडोजवर ते 1987 मध्ये आले. 1990 च्या तिसऱ्या आवृत्तीत मेनूखाली चित्रांकित बटनांची एक पट्टी प्रथम दिसली, आणि 1992 च्या चौथ्या आवृत्तीत अशा अनेक पट्ट्या दिमतीला आल्या, इतकेच नव्हे तर कोणती पट्टी मांडावी, कोणती मिटावी आणि कोणत्या बटनाला कोठे बसवावे याची मुभा वापरणाऱ्याच्या हाती आली. माझ्या मते ही मुभा हीच त्या आवृत्तीची खरी देणगी होय.

पुढील दहाबारा वर्षे या मुभेचा सुवर्णकाळ म्हणावा लागेल. एक्सेल 97 पासून 2003 पर्यंतच्या आवृत्त्यांत कोणत्याही टूलबारवर माउसने राइट क्लिक केले की त्यांच्या नावांची यादी उघडे, नावापुढे खूण केली की निद्रिस्त टूलबार जागा होई, आणि यादीच्या तळाशी असलेल्या कस्टमाइझमध्ये शिरले की आज्ञांचे सारे भांडार नजरेस पडे. तेथून हवे ते बटन ओढून आणावे, नको ते उचलून पट्टीबाहेर टाकावे, आणि केवळ जागा बदलायची तर आल्ट कळ दाबून धरून ओढले तरी भागे. आपण नोंदवलेल्या मॅक्रोसाठी नवे बटन घेतले की त्यावर एक हसरा पिवळा चेहरा येई, आणि तो ज्याला बालिश वाटे त्याच्यासाठी ठिपक्याठिपक्याने चित्र रंगवण्याची सोयही होती. कॅमेरा नावाचे एक बटन त्या भांडारात मुकाट्याने पडून असे: निवडलेल्या सेलांचे असे चित्र ते काढी, की मूळ आकडा बदलला की चित्रातलाही बदले. कोणत्याही नेहमीच्या पट्टीवर त्याला स्थान नव्हते, म्हणून वर्षानुवर्षे एक्सेल वापरणाऱ्या कित्येकांना ते ठाऊकच झाले नाही.

काही टूलबार तर प्रसंगावाचून प्रकट होत नसत. सूत्र फिरून स्वतःवरच अवलंबू लागले की चक्राकार संदर्भांचा टूलबार आपण होऊन हजर होई. मॅक्रोची नोंद सुरू केली की ती थांबवण्याचा चिमुकला टूलबार येई. पण तो कोणी उतावळेपणाने फुलीवर टिचकी मारून मिटवला, तर पुढच्या खेपेस येईनासा होई, आणि त्याला परत आणायचे तर नोंद पुन्हा सुरू करून यादीत त्याच्या नावावर खूण करावी लागे. ही सारी मांडणी एक्सएलबी या अंत्यनामाच्या एका लहानशा फाइलीत जतन होत असे. जाणते लोक ती जुन्या संगणकावरून नव्यावर नेत; आणि ती बिघडून एक्सेल उघडण्यास विलंब होऊ लागला की तीच काढून टाकीत, म्हणजे सारे मूळ शिरस्त्यावर येई.

या व्यवस्थेला पहिले गालबोट ऑफिस 2000 ने लावले. क्वचित वापरलेल्या आज्ञा मेनूतून आपोआप दडवायच्या आणि तळाशी खाली वळलेले दोन बाण दाखवायचे, अशी ती योजना होती. वापरणाऱ्याच्या सोयीच्या नावाखाली त्याचे दफ्तर त्याच्या परोक्ष लावून ठेवण्याचा तो प्रकार होता, आणि ती योजना बंद करण्याची खूण कोठे आहे हेच अनेकांनी प्रथम शोधले. तरी ज्या रोगावर हा उतारा होता तो काल्पनिक नव्हता: वर्ड 2003 मधील टूलबारांची संख्या 31 वर गेली होती, आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ऑफिसच्या मांडणीवर काम करणारे जेन्सन हॅरिस यांनी नमूद केल्याप्रमाणे लोक मायक्रोसॉफ्टकडे ज्या सोयी मागत, त्यांतील कित्येक आधीपासून आतच होत्या.

2007 मध्ये रिबन, म्हणजे टॅबांत विभागलेली आज्ञांची रुंद पट्टी, आली आणि एक्सेलमधील मेनू व टूलबार दोन्ही गेले. या शतकाच्या आरंभी एमएस-सीआयटीच्या वर्गांतून एक्सेलची ओळख झालेली महाराष्ट्रातील पिढी मेनू-टूलबारच्या अमलातली. तिचे ते ज्ञान एका आवृत्तीत जुने झाले. आज्ञांना प्रशस्त जागा मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण मांडणीचा अधिकार आकुंचित होऊन क्विक ॲक्सेसच्या अरुंद पट्टीपुरता उरला, आणि लोकांनी कष्टाने रचलेले टूलबार ॲड-इन्स नावाच्या एका टॅबमध्ये जाऊन पडले. रिबनमध्ये फेरफार करण्याची मुभा 2010 मध्ये परत मिळाली, यावरून ती काढून घेणे कितपत शहाणपणाचे होते ते ठरवता येते.

दडलेल्या गोष्टी मात्र आजही आहेत. पिव्हट टेबलाचा जुना विझार्ड रिबनवर नाही. तरी आल्ट, डी, पी या कळा ओळीने दाबल्या की तो हजर होतो, म्हणजे नाहीशा झालेल्या डेटा मेनूचा पत्ता अजून चालतो. एक्सेलच्या पर्यायांत रिबनवर नसलेल्या आज्ञांची स्वतंत्र यादी आहे, आणि कॅमेरा आता तिच्यात मुक्कामाला आहे. टूलबारांची जुनी चाल मात्र लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-संचाने सोडलेली नाही: 2017 पासून तेथे रिबनसारखी मांडणीही निवडता येते, पण ती निवडली नाही तर त्यातील कॅल्क या स्प्रेडशीटच्या व्ह्यू मेनूत टूलबारांची लांबलचक यादी आजही उघडते, आणि तिच्यातील बहुतेक नावांपुढे खूण नसते.