छोट्या रेल्वेची वीजव्यवस्था : पुरवठा, नियंत्रक आणि तारजोडणी

पेडणे स्थानकातून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या विद्युत इंजिनाला माथ्यावरील तारेतून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो. या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. लघुरेल्वेचे इंजिन मात्र बहुधा रुळांतूनच वीज घेते आणि तिला साधारण १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह पुरतो. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात असे संपूर्ण गाव एका नियंत्रण फलकावरून चालते. चतुर्थीच्या देखाव्यात छोटी गाडी फिरवू इच्छिणाऱ्यांनाही त्यामागील तत्त्वे ठाऊक असावीत.

वीजपुरवठा

घरातील २३० व्होल्टची वीज रुळांपर्यंत कधीही पोहोचता कामा नये. त्यासाठी कारखान्यात तयार झालेला, बंद पेटीतला ट्रान्सफॉर्मर किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरावा, तो मांडणीच्या बाहेर कोरड्या जागी ठेवावा आणि उघडू नये. १२ व्होल्ट व २ अँपिअरचा अडॅप्टर २४ वॅट देतो. एक-दोन छोट्या इंजिनांना तेवढे पुरते. गाडी, सांधे आणि दिवे यांना शक्यतो वेगवेगळे पुरवठे द्यावेत. सांधा बदलणारी विद्युतचुंबकी कॉइल क्षणभर बराच प्रवाह ओढते. पुरवठा एकच असल्यास त्या क्षणी गाडी अडखळते व दिवे मंदावतात.

नियंत्रक

साध्या पद्धतीत एक रूळ धन व दुसरा ऋण असतो. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो आणि धन-ऋण बाजूंची अदलाबदल केली की गाडी उलट धावते. काही नियंत्रक पूर्ण व्होल्टेजचे तुकडे करून, सेकंदाला अनेकदा चालू-बंद करीत वेग साधतात. त्यामुळे गाडी अगदी मंदगतीतही सुरळीत चालते. या पद्धतीत एका विभागातील सर्व इंजिने एकाच आज्ञेने हलतात. दोन गाड्या स्वतंत्र चालवायच्या तर रुळांचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळा स्विच द्यावा लागतो.

अंकीय पद्धतीत रुळांवर नेहमीच पूर्ण व्होल्टेज असते आणि आज्ञा त्या विजेतूनच स्पंदांच्या रूपाने जातात. प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. साधा व अंकीय नियंत्रक एकाच वेळी एका रुळाला जोडू नयेत. तसे केल्यास दोन्ही निकामी होऊ शकतात.

तारजोडणी

रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नये. मांडणीखालून दोन जाड मुख्य तारा न्याव्यात आणि ठिकठिकाणी बारीक तारांनी, डाख देऊन, रुळांना जोडाव्यात. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ५ मीटर दूर नेली, तर जाऊन-येऊन १० मीटर होते. ३ अँपिअर प्रवाहाला तिच्यात सुमारे १ व्होल्ट गळतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट एक-तृतीयांश होते. प्रत्येक रुळाच्या तारेला ठरावीक रंग द्यावा आणि शेवटपर्यंत तोच पाळावा.

रूळ वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाला, तर धन रूळ ऋण रुळाला भिडतो व शॉर्टसर्किट होते. अशा वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून विलग करावेत, आतील भागाला दिशाबदलाचा वेगळा स्विच द्यावा आणि वळशाची लांबी संपूर्ण गाडीहून अधिक ठेवावी.

किनाऱ्यावरील काळजी

हरमलसारख्या समुद्रकाठच्या गावात खारी, दमट हवा धातूचा शत्रू असते. लोखंडी व पितळी रुळांवर लवकर थर चढतो. निकेल-सिल्व्हरचे रूळ अधिक टिकतात. त्या मिश्रधातूत चांदी नसून तांबे, निकेल व जस्त असते. रूळ पुसताना वीज बंद ठेवावी व खरखरीत कागद वापरू नये, कारण ओरखड्यांत मळ साचतो.

मांडणी पूर्ण झाल्यावर पुरवठ्यापासून सर्वांत दूरच्या जागी दोन रुळांवर एक नाणे आडवे ठेवून पाहावे. नियंत्रकाचे संरक्षण तत्काळ बंद पडले पाहिजे. न पडल्यास तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, हे समजून नाणे लगेच उचलावे. घरच्या वीजफलकात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असावा. चतुर्थी पावसाळ्यातच येते. मखराजवळ ओली फुले, समई व कापडी पडदेही असतात. म्हणून तारा त्यांपासून दूर न्याव्यात आणि रात्री झोपण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा.