एका जन्मतिथीचा शोध

इतिहासातले अवघड प्रश्न एकमेकांना घालावेत आणि उत्तर मिळून शोधावे, हा आम्हां मित्रांचा जुना छंद. परवा प्रश्न निघाला : शिवछत्रपतींचा जन्म केव्हाचा? सोपा वाटला, पण एकाने १६२७ सांगितले, दुसऱ्याने १६३०.

पहिले वर्ष बखरींच्या परंपरेतले. तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. दुसऱ्याचा आधार लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद आहे. तिसऱ्याने कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'चे स्मरण करून दिले. या संस्कृत काव्याची प्रत स. म. दिवेकरांना तंजावरास मिळाली. तीतही तीच तिथी. चौथ्याने जोधपूरच्या संग्रहातील जन्मकुंडली पुढे केली. तिचाही कौल तोच.

मावळातल्या देशमुखांचे टिपण, तंजावरची पोथी आणि राजस्थानातली पत्रिका एकच तिथी सांगतात, तेव्हा परंपरेला बाजूला सरावे लागते. पहिल्या मित्राने ते मोकळेपणी मान्य केले. मात्र त्याने १६२७ म्हटले नसते, तर आम्ही तारीख सांगून पुढच्या प्रश्नाकडे वळलो असतो. तारीख पाठ असणे निराळे. ती कशी ठरली हे ठाऊक असणे निराळे.