सामानातील स्मृती

१८७० च्या नोव्हेंबरात पॅरिस नगराला प्रशियाच्या फौजांचा वेढा पडून जवळजवळ दोन महिने झाले होते. रस्ते बंद होते, तारा तुटल्या होत्या. १२ नोव्हेंबर रोजी रने दाग्रों हा छायाचित्रकार 'निएप्स' नावाच्या बलूनमधून नगराबाहेर पडला. त्याच्या सोबतीला निघालेले 'दागेर' हे बलून शत्रूच्या हाती लागले आणि काही साहित्यही गेले. दाग्रों मात्र निसटला. पुढे त्याच्या पद्धतीने हजारो संदेश अतिसूक्ष्म अक्षरांत पातळ फिल्मवर उतरवले गेले व कबुतराच्या शेपटीच्या पिसाला बांधलेल्या नळीतून पॅरिसमध्ये पोचले. तेथे ते पडद्यावर मोठे करून कारकुनांनी लिहून घ्यावयाचे, असा क्रम होता.

लेखनाचा मोठा संग्रह एवढासा करून आकाशमार्गाने सरहद्दीपलीकडे नेण्याची ही घटना आजच्या प्रवाशाला परकी वाटू नये. त्याच्या खिशातील पेन ड्राइव्ह किंवा पिशवीतील हार्ड डिस्क हे त्या नळीचेच वंशज होत. फरक एवढाच की, दाग्रोंला शत्रूच्या बंदुका चुकवावयाच्या होत्या. आजच्या प्रवाशाला विमानतळावरील तपासणीतून उघडपणे जावयाचे असते. ही तपासणी स्मृतीसाठी मुळी निर्माणच झाली नव्हती. तिचा जन्म शस्त्राच्या भीतीतून झाला.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले 'गंगा' हे भारतीय विमान लाहोरला पळवून नेण्यात आले आणि पुढे तेथेच जाळून टाकले गेले. अपहरणकर्त्यांच्या हातांतील शस्त्रे नकली होती, हे मागाहून उघड झाले. खोटे शस्त्रही विमान वळवू शकते, हा त्या घटनेचा धडा होता. त्याच सुमारास अमेरिकेत अपहरणांची लाटच उसळली होती. अखेर ५ जानेवारी १९७३ पासून तेथे प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. धातुशोधक चौकट आणि क्ष-किरण यंत्र ही जोडी विमानतळावर स्थिरावली ती त्यानंतर. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षेसंबंधीचे स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारले आणि या व्यवस्थेला जागतिक रूप आले.

सामान क्ष-किरणांखालून जाऊ लागताच प्रवाशांच्या मनात पहिली शंका उठली ती अशी की, या यंत्राने आपल्या नोंदी तर पुसल्या जाणार नाहीत? छायाचित्रकाराची ही भीती साधार होती. फिल्मवरील चांदीचे क्षार प्रकाशाप्रमाणेच क्ष-किरणांनीही बदलतात. प्रत्येक तपासणीचा परिणाम आधीच्या परिणामात मिळत जातो आणि चित्रावर धुके चढते. १९९० नंतरच्या दशकात विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानासाठी अधिक प्रखर यंत्रे आली, तेव्हा न धुतलेली फिल्म त्या सामानात ठेवू नये, असा इशारा द्यावा लागला. चुंबकीय फीत, फ्लॉपी किंवा हार्ड डिस्क यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील नोंद सूक्ष्म चुंबकांच्या दिशांच्या रूपाने असते आणि तपासणीतील क्ष-किरण त्या दिशा फिरवू शकत नाहीत. तरीही संगणकाच्या चकत्या हाती तपासाव्यात, अशी विनवणी करणारे प्रवासी पुष्कळ वर्षे दिसत राहिले. फिल्मवरून शिकलेली सावधगिरी त्यांनी चुंबकाला लावली होती.

दुसरी शंका तपासणाऱ्याच्या मनात उठली. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर अमेरिकी विमान कोसळले आणि २७० माणसे प्राणास मुकली. बॉम्ब पेटीतील एका रेडिओ-कॅसेट यंत्रात दडवला होता. गाणी साठवणारे आणि वाजवणारे घरगुती यंत्रच मृत्यूचे आवरण ठरले, तेव्हापासून कोणतेही विद्युत्-यंत्र निरुपद्रवी मानणे कठीण झाले. लॅपटॉप पिशवीबाहेर काढून वेगळ्या तबकात ठेवावयाचा, तो चालू करून दाखवावयाचा, हे नियम या संशयाचे फळ होय. मार्च २०१७ मध्ये तर अमेरिकेने आठ देशांतील दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या प्रवाशांना दूरध्वनीहून मोठी यंत्रे हातातील सामानात आणण्यास मनाई केली. काही महिन्यांनी ती उठली. परंतु आयुष्यभराचे काम साठवलेली वस्तू नजरेआड पाठवावी लागणे म्हणजे काय, हे तेवढ्या काळात अनेकांना कळून आले.

या दोन्ही शंकांत एक गोष्ट समान आहे: प्रश्न वस्तूचा होता, वस्तूतील मजकुराचा नव्हता. तिसरा प्रश्न मजकुराचा आहे, आणि तो सुरक्षेच्या दारात नव्हे, तर सरहद्दीच्या चौकीवर उभा राहतो. परदेशातून येणाऱ्याची पेटी उघडून पाहण्याचा जकात अधिकाऱ्याचा हक्क जुना आहे. परंतु तो रूढ झाला तेव्हा पेटीत कपडे, भांडी, फार तर काही पत्रे असत. त्याच हक्काखाली एखाद्याचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार, वैद्यकीय कागद, अशिलांची गुपिते वाचता येतात काय?

१८ ऑगस्ट २०१३ रोजी हा प्रश्न लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्रखरपणे पुढे आला. बर्लिनहून रिओकडे जाणारे डेव्हिड मिरांडा यांना तेथे जवळजवळ नऊ तास अडकवून ठेवण्यात आले. २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या अनुसूचीने तेवढीच कमाल मुदत दिली होती. पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे ते सहचर. एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या गुप्त कागदांशी संबंधित सामग्री त्यांच्याजवळ सांकेतिक स्वरूपात होती. हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, संगणक सारे काढून घेण्यात आले. राष्ट्राच्या सुरक्षेला धोका होता, ही सरकारची बाजू पोकळ नव्हती. अपील न्यायालयानेही जानेवारी २०१६ मध्ये अडवणूक कायदेशीर ठरवली. मात्र पत्रकारितेच्या सामग्रीला या अधिकारापासून पुरेसे संरक्षण नाही, म्हणून तो अधिकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे, असेही त्याच निकालात सांगितले.

इतर देशांनी आपापली रेषा आखली. न्यूझीलंडच्या २०१८ च्या कायद्याने संकेतशब्द देण्यास नकार देणाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला, पण यंत्र पाहण्यासाठी वाजवी संशयाची अटही घातली. अमेरिकेत २०१७ च्या आर्थिक वर्षात सुमारे ३९ कोटी ७० लक्ष प्रवासी आले. येणाऱ्या व जाणाऱ्या प्रवाशांच्या यंत्रांच्या मिळून ३०,२०० तपासण्या झाल्या. प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी. परंतु आदल्या वर्षी हाच आकडा १९,०५१ होता. जानेवारी २०१८ च्या नियमाने अधिकाऱ्याला यंत्रात जे साठवले आहे तेवढेच पाहण्याची मुभा दिली. दूरच्या संगणकावर ठेवलेले नव्हे. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. सरहद्दीवरील चौकीने त्याचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न त्या निर्णयातूनच उद्भवतो.

अमेरिकेच्या त्या नियमात एक विचित्र न्याय दडलेला आहे. ज्याला खरोखर काही लपवावयाचे आहे, तो रिकामे यंत्र घेऊन सरहद्द ओलांडतो आणि पलीकडे पोचल्यावर आपल्या नोंदी तारेवरून उतरवून घेतो. सापडतो तो बहुधा बेसावध किंवा सरळ माणूस. कुटुंबाची छायाचित्रे, अर्धवट प्रबंध, मृत आईचा आवाज हे सारे खिशात घेऊन फिरणारा. शस्त्र शोधणाऱ्याला प्रत्येक पेटी सारखीच पाहावी लागते, आणि त्याबद्दल कोणी प्रवासी तक्रार करीत नाही. मजकूर वाचणाऱ्याने मात्र पेटी उघडण्यापूर्वी, हीच पेटी का, याचे उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर कायद्याने मागितले नाही, तर विचारण्याचे धैर्य रात्रीच्या विमानातून उतरलेल्या, थकलेल्या, परक्या देशात एकट्या उभ्या असलेल्या प्रवाशाजवळ क्वचितच असते.