गिधाडांमुळे आलेलं औषध

नारायणगडाजवळच्या आमच्या वस्तीवरचा मोत्या १३ वर्षांचा आहे. संधिवाताने त्याचे मागचे पाय धरतात, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला मेलॉक्सिकॅम दिलंय. हे औषध आपल्याकडे जनावरांच्या दवाखान्यात सर्रास मिळतं, त्याचं मोठं कारण कुत्री नाहीत. गिधाडं आहेत.

आधी औषध काय करतं ते बघू. दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं शरीरच बनवतं. ॲस्पिरिनसारखी औषधं ती बनूच देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण हीच रसायनं जठराचं अस्तर जपतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. त्यामुळे एकाला मानवणारं औषध दुसऱ्याच्या जिवावर उठू शकतं.

डायक्लोफेनॅकचं तेच झालं. १९९०च्या दशकात ते गुरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. लंगडणाऱ्या बैलाला इंजेक्शन दिलं की आराम पडायचा. उपचार करूनही मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची. मांसात उरलेल्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचायचा. विभू प्रकाश यांनी भरतपूरला गिधाडं घटल्याचं नोंदवलं होतं. कारण २००४ मध्ये कळलं, लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांच्या पाकिस्तानातल्या अभ्यासातून. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला डिपेंडन्सी म्हणतो: इथे एक ओळ बदलली की तिकडे भलतंच काहीतरी बंद पडतं. गिधाडं गेली आणि मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली. २००८ च्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार त्यामुळे कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली. सोबत रेबीजचा धोकाही वाढला.

२००६ मध्ये सरकारने जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं आणि पर्याय म्हणून त्याचा प्रसार झाला. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणं चालूच राहिलं. म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसपुरतं मर्यादित केलं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली.

गिधाडांना चाललेलं मेलॉक्सिकॅम कुत्र्याला मात्र मोजूनच द्यावं लागतं. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलीग्रॅम, पुढे रोज ०.१. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला रोज दीड मिलीग्रॅम. माणसांची छोटी गोळीच साडेसात मिलीग्रॅमची, म्हणजे पाचपट. इतक्याने जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर देऊच नये.

आमच्या बीडचे कितीतरी बैल दरवर्षी ऊसतोडीच्या गाडीला जुंपले जातात. ते लंगडले की दुखण्याचं इंजेक्शन मागितलं जातंच, आणि ते मागणं रास्तच आहे. फक्त बाटलीवरचं नाव वाचायला हवं. ते जनावर मेल्यावर त्याच्यावर कोण उतरणार आहे, हेही त्या नावावरच ठरतं.