ठाणे, एप्रिल १३२१ : एका तक्रारीपासून चार हत्यांपर्यंत

इ. स. १३२१च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात एका माणसाने आपल्या बायकोला बेदम मारलं. सकाळ होताच ती काझीकडे दाद मागायला गेली. त्यानंतरच्या मध्यरात्री तीन परदेशी संन्याशांची मुंडकी धडावेगळी झाली, गावातले ख्रिस्ती तुरुंगात पडले आणि पुढे दोन दिवसांत चौथ्या संन्याशाचाही बळी गेला. त्या बाईच्या तक्रारीचं पुढे काय झालं, ते मात्र कळत नाही. महाराष्ट्राच्या भूमीवरच्या ख्रिस्ती हुतात्म्यांची ही कथा बहुतेक वेळा चमत्कारांसाठी सांगितली जाते. ती प्रहराप्रहराने वाचली, तर कोण कुठे चुकलं आणि कोण कुठे माणुसकीने वागलं, हे लख्ख दिसतं.

पार्श्वभूमी : घाटवाटेच्या खालचा किनारा

लोणावळ्याहून बोरघाट उतरला की कर्जत, कल्याण, ठाणे ही आज रेल्वेची वाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ती बैलांच्या तांड्यांची होती. सोपारा आणि कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने मावळात चढायचा आणि पुढे पैठण, तेरकडे जायचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट इथल्या यवन दात्यांची नावं आजही वाचता येतात. परका माणूस, परका देव, परकी भाषा या मुलखाला नवी नव्हती. समुद्रापलीकडून आलेल्याने इथल्या बौद्ध लेण्यासाठी दान द्यावं आणि त्याचं नाव खांबावर कोरलं जावं, इतका हा व्यवहार मोकळा होता.

याच समुद्रवाटेने ख्रिस्ती धर्मही आला. अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यापीठाचे आचार्य पँटेनस दुसऱ्या शतकात भारतात गेले होते, असं चर्चचे आद्य इतिहासकार युसेबियस लिहून गेले. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस सांगतो की ‘कल्लियाना’ इथे इराणातून नेमलेला बिशप आहे. हे गाव म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे कोकणातल्या या पहिल्या ख्रिस्ती मंडळींचे धर्मगुरू रोमचे नव्हते. त्यांचं नातं इराणच्या पूर्वेकडील चर्चशी होतं, ज्याला युरोपीय लेखक ‘नेस्टोरियन’ म्हणत. १३२१ साली ठाण्यात त्यांची १५ घरं होती.

राजकीय हवा तेव्हा तंग होती. देवगिरीचं यादवांचं राज्य १३१८ साली पुरतं बुडालं होतं. दिल्लीत सप्टेंबर १३२०मध्ये गियासुद्दीन तुघलक तख्तावर बसला, त्याला वर्षही झालं नव्हतं. ठाण्याचा कारभार दिल्लीच्या वतीने एक मलिक पाहत होता आणि न्यायनिवाडा काझीकडे होता.

काही दिवस आधी : वाऱ्याने आणलेले पाहुणे

इराणी आखातातल्या होर्मुझहून निघालेलं एक गलबत वाऱ्यामुळे ठाण्याला लागलं. त्यातल्या मंडळींना जायचं होतं कोल्लमला. गलबतात चार फ्रान्सिस्कन संन्यासी होते. तोलेन्तिनोचे थॉमस हे त्यांतले वडीलधारे, वय साठीच्या पुढचं. संन्याशाने गरिबीचं व्रत काटेकोर पाळावं या आग्रहापायी त्यांनी तरुणपणी स्वतःच्याच संघाच्या कैदेत दिवस काढले होते. पुढे आर्मेनियात त्यांनी काम केलं आणि चीनमधल्या ख्रिस्ती कार्याची पत्रं घेऊन ते पोपपर्यंत पोहोचले होते. दुसरे पादुआचे जेम्स, तिसरे सिएनाचे पीटर. चौथे तिफ्लिसचे, म्हणजे आजच्या तिबिलिसीचे दिमित्री. त्यांना अनेक भाषा येत, दुभाष्याचं काम त्यांच्याकडे होतं.

सोबत एक डॉमिनिकन संन्यासीही होते, सेव्हेराकचे जोर्दानुस. ते सोपारामार्गे भडोचकडे गेले. बाकीचे चौघे ठाण्यात एका नेस्टोरियन कुटुंबात उतरले.

पुढचा वृत्तांत प्रामुख्याने ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाचा. दोन-तीन वर्षांनी तो ठाण्याला आला, लोकांकडून हकिकत ऐकली आणि १३३० साली इटलीत परतल्यावर ती लिहवून घेतली. तो श्रद्धावान माणूस होता, त्याचं सांगणं श्रद्धेचं आहे. वेळा त्याने चर्चच्या प्रार्थनांनी मोजल्या आहेत. त्या आपल्या प्रहरांशी छान जुळतात.

आदली संध्याकाळ : यजमानाच्या घरात

नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्याने तिला जबर मारलं. चारही पाहुणे त्या वेळी घरात होते.

सकाळ : काझीसमोर

ती बाई एकटी काझीकडे गेली. मार खाऊन गप्प न बसता न्यायासनासमोर उभी राहणारी ही १४व्या शतकातली स्त्री आहे, हे विसरू नये. काझीने रास्त प्रश्न विचारला : पुरावा आहे का? तिने सांगितलं की चार फिरंगी धर्मपुरुष घरात होते, त्यांना विचारा.

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. साक्षीदार बोलवायचे, जबानी घ्यायची, निकाल द्यायचा. पण तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो म्हणाला की हे लोक शास्त्र जाणणारे आहेत, यांच्याशी धर्मचर्चा करावी. काझीला ती कल्पना आवडली. बोलावणं साक्षीसाठी निघालं होतं, ते वादासाठी झालं. अनर्थाची पहिली पायरी हीच.

सामान राखायला पीटर घरी थांबले. थॉमस, जेम्स आणि दिमित्री निघाले.

दिवस चढता : वादाला तोंड फुटलं

काझीने विषय काढला ख्रिस्ताचा. तो केवळ माणूस होता, देव नव्हे, असं त्याचं म्हणणं. थॉमस यांनी आपल्या धर्माची बाजू मांडली. दोन्हीकडची माणसं अभ्यासू होती, मतभेद जुने होते. चर्चा एवढ्यावर थांबली असती, तर संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले असते.

मग प्रश्न आला पैगंबरांविषयी. संन्याशांनी आधी उत्तर टाळलं. पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, तेव्हा थॉमस यांनी अतिशय जहाल शब्दांत उत्तर दिलं. जमाव खवळला.

मला इथे स्पष्ट लिहायला हवं. थॉमस यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण ज्या पंथाच्या १५ घरांच्या आसऱ्याला ते उतरले होते, त्या घरांना त्या उत्तराची किंमत मोजावी लागणार होती. पाहुण्याने बोलताना यजमानाच्या मुलाबाळांचा विचार करायचा असतो. आणि उत्तर द्यायला भाग पाडणाऱ्या न्यायाधीशाचा दोष तर त्याहून मोठा. ज्याच्यासमोर एक जखमी बाई उभी आहे, त्याने साक्षीदारांची श्रद्धा तपासत बसणं हा न्यायासनाचा अपमान आहे.

पहिला प्रहर संपल्यापासून तिसरा प्रहर संपेपर्यंत : उन्हात

तिघांना बांधून उघड्यावर उन्हात ठेवलं. ओदोरिक सांगतो, एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, म्हणून होईल तेवढा वेळ त्या उन्हात उभं राहिलं तरी माणूस मरावा, असा तिथला उन्हाळा. ज्याने एप्रिलच्या दुपारी घाट उतरून ठाण्यात पाऊल ठेवलंय, त्याला हे वाक्य अतिशयोक्तीचं वाटणार नाही. नऊच्या सुमारापासून तीनच्या सुमारापर्यंत ते तिघे प्रार्थना म्हणत राहिले आणि जिवंत राहिले.

दिवस उतरता : मैदानात आग

मग गावच्या मैदानात मोठी आग पेटवली. जेम्स यांना तिच्यात लोटलं. वृत्तांत म्हणतो, ते भाजले नाहीत. लोकांतून आवाज उठला की हे साधू आहेत, यांना हात लावणं पाप आहे. त्यावर उत्तर आलं की यांच्या अंगावर अब्राहामच्या देशातलं कापड आहे, म्हणून आग लागत नाही. मग कपडे उतरवून, अंगाला तेल फासून, आणखी मोठ्या आगीत त्यांना दुसऱ्यांदा टाकलं. तरीही ते वाचले, असं ओदोरिक लिहितो.

हा चमत्कार मानावा की मानू नये, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला महत्त्वाचा वाटतो तो मैदानातला आवाज. जमलेल्या ठाणेकरांत सगळ्या धर्मांचे लोक होते आणि त्यांतल्या अनेकांना हा छळ मान्य नव्हता.

रात्रीची प्रार्थना, नऊच्या सुमारास : सुटकेची संधी

मलिकने तिघांना बोलावून घेतलं. तुम्ही भली माणसं आहात, आमच्याकडून तुम्हाला इजा होणार नाही, पण काझी तुमच्या जिवावर उठला आहे, लगेच निघून जा, असं त्याने बजावलं. माणसं देऊन त्यांना खाडीपलीकडच्या वस्तीत पोहोचवलं. तिथे एका मूर्तिपूजकाने, म्हणजे बहुधा हिंदू गृहस्थाने, त्यांना घरात घेतलं. शहर पेटलेलं असताना अनोळखी माणसांना दार उघडणारा हा गृहस्थ आणि त्यांना वाचवू पाहणारा मलिक, दोघांचंही नाव इतिहासाने राखलं नाही.

या घडीला अनर्थ टळला होता.

त्यानंतरचे काही तास : मलिक फिरला

काझी मलिककडे गेला. हे लोक जिवंत गेले तर सगळा गाव त्यांच्या मागे जाईल आणि आपला धर्म बुडेल, असा त्याचा धोशा. दिल्लीत नवी राजवट, आपली खुर्ची कच्ची, समोर धर्माधिकारी. मलिक नमला. चार हत्यारबंद माणसं खाडीपलीकडे निघाली. अंधारात त्यांना ते घर सापडेना. इकडे मलिकने शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पकडून तुरुंगात टाकलं. सकाळी ज्यांच्यात एक फिर्यादी होती, तीच मंडळी रात्री आरोपी झाली.

मध्यरात्र : खाडीपलीकडे

तिन्ही संन्यासी मध्यरात्रीच्या प्रार्थनेला उठले आणि तेव्हाच शोधणाऱ्यांना सापडले. त्यांना वस्तीबाहेर एका झाडाखाली नेलं. मारेकऱ्यांनी त्यांना सांगितलं की तुम्ही भले आहात, आम्हाला हे करायचं नाही, पण हुकूम मोडला तर आम्ही आणि आमची बायकापोरं जिवंत राहणार नाही. संन्याशांनी त्यांना हुकूम पाळायला सांगितलं. थॉमस यांनी हात जोडले, त्यांचं मस्तक उडवलं. मग जेम्स. मग दिमित्री.

पाम संडेच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार, ९ एप्रिल १३२१ ही या मृत्यूंची परंपरेने मानलेली तारीख.

पुढचे दोन दिवस : चौथा

सामान जप्त करायला आलेल्यांना घरात पीटर सापडले. धर्म सोडलास तर मोठा मान मिळेल, अशी लालूच दाखवली गेली. त्यांनी नकार दिला. दोन दिवस छळ झाला. तिसऱ्या दिवशी त्यांना झाडाला टांगलं, सकाळपासून तिसरा प्रहर संपेपर्यंत. तरीही जीव जाईना, तेव्हा तलवारीने त्यांचे दोन तुकडे केले. तो दिवस ११ एप्रिल.

त्यानंतर

बातमी कळताच जोर्दानुस परतले. त्यांनी सहकाऱ्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओदोरिकने त्या अस्थी काढून थेट चीनच्या झैतून बंदरापर्यंत नेल्या. ओदोरिक असंही सांगतो की दिल्लीच्या सुलतानापर्यंत प्रकरण गेलं, निरपराध परदेशी मारल्याबद्दल मलिकला मृत्युदंड मिळाला आणि काझी पळून गेला. १८९४ साली पोप लिओ तेरावे यांनी थॉमस यांच्या उपासनेला अधिकृत मान्यता दिली.

पण माझ्या मते या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती धर्मावर खरा परिणाम केला तो मागे उरलेल्या जोर्दानुस यांनी. ते पळाले नाहीत. ऑक्टोबर १३२१मध्ये त्यांनी पत्र पाठवून सोपारा, भडोच यांसारख्या ठिकाणी काम करायला माणसं मागितली. पुढची काही वर्षं आजारपण आणि हालअपेष्टा सोसत त्यांनी या भागात एकट्याने काढली. इथल्या माणसांकडे त्यांनी कुतूहलाने पाहिलं. त्यांच्या ‘मिराबिलिया’ या ग्रंथात फणस आहे, आंबा आहे, पारशी लोकांची मृतांना उघड्या बुरुजात ठेवण्याची रीत आहे. ऑगस्ट १३२९मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमलं. भारतातला तो पहिला लॅटिन धर्मप्रांत. पोर्तुगीज यायला तेव्हा जवळजवळ १७० वर्षं होती. भारतातला ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणला, असं सर्रास म्हणणाऱ्यांनी हा सनावळीचा भाग जरूर पाहावा.

या घटनेकडे मुसलमानांनी ख्रिस्ती मारले, इतक्या सोप्या चष्म्यातून पाहणं खोटं आहे. संन्याशांना सोडणारा मलिक मुसलमान होता, हुकूम पाळताना कळवळणारी माणसं त्याचीच होती आणि आसरा देणारं घर वेगळ्याच धर्माचं होतं. अनर्थ घडला तो न्याय मागायला आलेल्या बाईला बाजूला सारून धर्माचा आखाडा मांडला गेला म्हणून आणि सत्य ठाऊक असलेला अधिकारी दबावाला वाकला म्हणून. आजही चौकीत, पंचायतीत किंवा कोर्टात मार खाल्लेली बाई उभी राहते, तेव्हा तिची आणि साक्षीदारांची जात, धर्म, पंथ आधी विचारला जातो. वाचकांना एवढीच विनंती : अशा वेळी आपण तिथे असू, तर विषय बदलू देऊ नका. तिची तक्रार आधी ऐकली गेली पाहिजे, असं ठणकावून सांगा.