गोतसभेची निशाणी व सरकारची मंजुरी

जमिनीचा उपयोग गांवानें ठरवावा कीं राज्यानें, हा वाद नवा नव्हे. जुने महजर पाहतां असें दिसतें कीं, गतकूळ जमीन मिराशीनें देतांना पाटील, कुळकर्णी व गोत एकत्र जमत. पाटील नांगराची, तर बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. मात्र यावरून गांव सर्वस्वी स्वतंत्र होतें असें मानणें सयुक्तिक नाहीं. गोतसभेंत देशमुख, देशपांडे व दिवाणाचे अधिकारीहि बसत. अर्थात् दोन्ही सत्तांची साक्ष एकाच कागदावर उमटे.

इ. स. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें हें चित्र पालटलें. गायरान राखून ठेवणें सरकारी अंमलदारांच्या हातीं गेलें. शेतजमीन बिनशेती करण्यास कलेक्टरची परवानगी आवश्यक झाली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यांत लोकांस हरकत घेतां येते. परंतु विकास योजनेची अंतिम मंजुरी राज्य शासनाचीच. गांवाची संमति मागें पडून हरकत तेवढी उरली, असा आमचा अभिप्राय आहे.

ज्यांच्या दप्तरांत शिवेचे वा गायरानाचे महजर असतील, त्यांनीं ते रद्दींत न घालतां त्यांच्या नकला कराव्या, ही विनंति. गांवाच्या जुन्या अधिकाराचा तोच लेखी पुरावा होय.