बॅकअप आहे हो, पण...

परवा शनिवारी चहा घेऊन बसलो, तर हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज सुरू. पोटात गोळाच आला. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या फक्त तिथेच होत्या, आणि आजी आता नाही. लगेच डिस्क बंद केली. हेड तबकडीला घासत असेल तर चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट महागात पडतो.

मग आठवलं १९९८ साल. पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चालू होता. कोणीतरी सर्व्हरवर चुकीच्या जागी 'आरएम' कमांड चालवली आणि ओरेन जेकब यांच्या डोळ्यांदेखत फाइल्स गायब व्हायला लागल्या. सर्व्हर बंद करेपर्यंत बहुतेक सिनेमा उडाला होता. बॅकअप होता की! पण तो नीट होतच नव्हता, आणि रिस्टोअर करून कोणी पाहिलंच नव्हतं. वाचवलं गेलिन सुसमन यांनी. बाळ लहान म्हणून त्या घरून काम करायच्या, त्यामुळे एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून आणला. १९९९ मध्ये सिनेमा झळकला.

असो. माझ्या डिस्कची 'डीडीरेस्क्यू'ने आधी इमेज काढली. हे सॉफ्टवेअर सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, खराब सेक्टरांच्या मागे नंतर लागतं. दोन सोडून सगळ्या ओव्या मिळाल्या.

आता तीन प्रती आहेत, त्यातली एक ताईकडे नागपूरला. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक प्रतीतली एक ओवी उघडून शेवटपर्यंत ऐकतो. तीच माझी रिस्टोअर टेस्ट. तुम्ही शेवटची कधी केलीत?